तीन फूट पाणी

बेलापूर,
रविवार, १२ जानेवारी १९९७

मीना,

भावनाची उंची कळव. चपला काढून, भिंतीला टाचा टेकवून उभी कर आणि डोक्यावरचे केस नीट दाबून धर, नाहीतर वेणीची उंची मोजशील. फूट-इंचात चालेल.

बाकी काही विचारायचा मला हक्क नाही, असं तुझ्या दादाने फोनवर सांगितलं. दोनदा. तिसऱ्यांदा माझा आवाज ऐकूनच ठेवला. म्हणून पत्र. ऑफिसात दिवसभर दुसरं काय करतो? 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहून लिहून हात सरावलाय. तू वाचशील की चुलीत घालशील ते तुझं तू बघ, पण उंची कळव.

कशाला, ते सांगतो. आपल्या जमिनीच्या बदल्यात सरकारने दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरचं आपलं घर झालं. आई आणि मी दिवाळीनंतर राहायलाही आलो. मागे, खाडीच्या बाजूला, तू तुळस आणि कपड्यांच्या दोऱ्यांसाठी म्हणून जी जागा धरली होतीस, तिथे मी स्विमिंग पूल बांधतोय.

हसलीस तरी चालेल, सगळं गाव हसतंय. परवा मच्छीमार्केटात एकाने विचारलं, "काय रोहिदासशेठ, तिकीट किती ठेवनार?" मी म्हटलं, तुला फुकट, पण आधी अंघोळ करून ये. सगळे हसले. मीपण हसलो. लोकांना बरं वाटतं मी हसलो की.

मितेशला जाऊन या सत्तावीसला वर्ष होईल. तू भावनाला घेऊन करंजाला माहेरी गेलीस त्याला नऊ महिने झाले. तुझं म्हणणं मला पाठ आहे. शाळेने ट्रिपला नेलेला आपला पोरगा नदीत बुडाला आणि मी, बाप असून, शाळेवरची पोलीस कंप्लेंट मागे घेतली. का घेतली, ते तू विचार विचार विचारलंस आणि मी सांगितलं नाही. 'पाकीट मिळालं असेल' असं तुझा दादा माझ्या तोंडावर म्हणाला, तरी मी गप्प बसलो. आताही त्याबद्दल लिहीत नाहीये. हे पत्र पुलाचं आहे.

मला दोनच गोष्टी पाहिजेत. भावनाला पोहता आलं पाहिजे. आणि ती पहिल्यांदा पाण्यात उतरेल तेव्हा तू तिथे असली पाहिजेस. माझ्या एकट्याच्या भरवशावर तू तिला बादलीतसुद्धा हात घालू देणार नाहीस, हे मला कळतं. तुझ्या जागी मी असतो तर मीपण नसता घालू दिला.

आईचे गुडघे दुखतात. माझी तब्येत बरी आहे.

रोहिदास

ता. क. : तिच्या पावलाचं मापही पाठव. पायऱ्या किती रुंद घ्यायच्या ते ठरवायचंय.


बेलापूर,
गुरुवार, ६ फेब्रुवारी १९९७

मीना,

उंची आली नाही. शेवटी मी भावनाच्या इथल्या जुन्या शाळेत जाऊन तिचं प्रगतिपुस्तक मागून घेतलं. त्यात गेल्या वर्षीची उंची तीन फूट आठ इंच लिहिलीय. आता किती झाली असेल? पोरं वर्षाला दोन इंच वाढतात म्हणे. मी हिशोबाला तीन फूट दहा धरलीय. चुकीचं असेल तर तू सांगणार नाहीसच, म्हणून दोन इंच मी कमीच समजतोय.

पूल बांधणाऱ्याचं नाव नंदकिशोर. मूळचा नाशिकचा, लोणावळ्याला बंगलेवाल्यांचे पूल बांधतो. तोंडात कायम बडीशेप. पहिल्या दिवशी आला, जागा बघितली आणि बॅगेतून छापील कागद काढला. वर लिहिलेलं, 'आपल्या कुटुंबाच्या गरजा'. मला म्हणाला, "साहेब, पूल म्हणजे पँट आहे. अंगाच्या मापाने शिवायची. शेजाऱ्याची बघून शिवली तर बसत नाही." माणूस बडबड्या आहे, पण हे बरोबर बोलला.

कागदावर प्रश्न होते. घरात माणसं किती. वयं काय. पूल कशाला पाहिजे : व्यायाम, पाहुणे, लहान मुलांचं खेळणं. म्हातारं, आजारी कुणी आहे का. माणसं किती, तिथेच मी अडकलो. दोन लिहू की चार? चार लिहिले. तू खोडायला सांगितलंस तर खोडीन.

आणि शेवटचा रकाना : घरातल्या कोणाकोणाला पोहता येतं?

तिथे माझा हात थांबला. नंदकिशोर म्हणाला, "लिहा ना साहेब, सगळ्यांना येत असेल, तुम्ही तर इकडचे कोळी." मी त्याला म्हटलं, कागद राहू दे माझ्याकडे, विचारून भरतो. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याने इतके पूल बांधले, पण घरच्यांना विचारून येतो म्हणणारा पहिलाच भेटला म्हणे.

मग मी विचारत फिरलो. खरंच सांगतो, चाळीस वर्षांचा झालो, घरात हे कुणी कुणाला कधी विचारलेलं नाही.

आईला विचारलं, "आई, तुला पोवता येतं?"

"मना? मना कशाला येल? म्हावरा इकला जल्मभर. डोक्यावर पाटी आन् पाय चिखलात. पान्यात तुजा बाप जायचा."

अडुसष्ट वर्षं खाडीवर काढली बाईने, गळ्याएवढ्या पाण्यात कधी उतरली नाही.

दादाकडे गेलो. माझा मोठा भाऊ हिरामण, त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. जाळं शिवत बसला होता. म्हणाला, "येडा झाला काय? कोल्याला इचारतंय पोवता येतं का! उद्या चालता येतं का इचारशील." म्हटलं, ठीक, तुझं 'हो' लिहितो, तुझ्या दोन पोरांचं काय? "त्यांचं काय इचारतंस, त्यांनाबी येतं." म्हटलं, तू शिकवलंस? तर म्हणाला, "मी कशाला शिकवू? शिकली असतील गावच्या पोरांत." दोघांना हाक मारली. थोरला न्हावा-शेव्याला कंटेनरच्या क्रेनवर आहे, दिवसभर खाली समुद्रच दिसतो त्याला. धाकटा जेट्टीवर तिकिटं फाडतो. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान खाली घातली. एकालाही येत नाही.

दादाच्या हातातली सुई तशीच राहिली. तो उठून होडीवर गेला.

मला येतं. मी आठ वर्षांचा असताना बापाने होडीतून ढकललं आणि वर आलो तेव्हा हसत होता. त्याला काय वाटलं असतं मी वर आलो नसतो तर, हा विचार मी परवा पहिल्यांदा केला. आमच्या वेळी सगळी पोरं अशीच. मग कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं, पाण्याला वास यायला लागला, अंगाला खाज सुटायची. त्यात मला नोकरी लागली आणि आपण सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. मितेश तिथेच झाला, भावना तिथेच. तूच ओरडायचीस, खाडीवर जाऊ नका रे, फोड येतील. बरोबरच ओरडायचीस.

तर रकाना असा भरलाय. रोहिदास, होय. गंगू, म्हणजे आई, नाही. भावना, नाही. तुझ्या नावापुढे जागा मोकळी आहे. चौदा वर्षं झाली लग्नाला. करंजाची मुलगी, बापाच्या तीन होड्या, असं बघून केलेली बायको. तुला पोहता येतं का, मला माहीत नाही. येतं का?

रोहिदास


बेलापूर,
सोमवार, १० मार्च १९९७

मीना,

पुलाचा सत्यानाश झाला होता. आता सावरलाय. ऐक.

नंदकिशोरने एक आणि दोन मार्चला, शनिवार-रविवार धरून, खड्डा खणला. सहा फूट. तळ कसा कोरडा ठणठणीत. तो खूश, फोटोबिटो काढले. मीपण बघितलं आणि बरं म्हटलं. आई मात्र ओट्यावरून विचारत होती, "तिथ काय हाय आज?" मी म्हटलं, आई, हे पूल बांधणं आहे, लग्न नाही, तिथी कशाला.

काल अमावास्या. दुपारी साडेबाराला जेवायला बसणार तोच नंदकिशोरची हाक. धावत गेलो. खड्ड्यात दीड फूट पाणी. तळातून बुडबुडे येत होते. तो बिचारा घामाघूम, म्हणे, "साहेब, कुठलातरी पाइप फुटला." मी खाली उतरलो, बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. आणि कडेच्या चिखलात एक निवटी मासळी, गोल डोळे काढून आमच्याकडे बघतेय.

भर टाकलेली जमीन, खाली सगळं खाऱ्या चिखलाचं खाजण. एक-दोन मार्चला अष्टमी होती, भांगाचे दिवस, तेव्हा पाणी चढतच नाही. अमावास्येच्या उधाणाला खाडी जमिनीखालून आत येणार, हे कोळ्याच्या शेंबड्या पोरालाही कळायला पाहिजे. नंदकिशोरचं काय, तो नाशिकचा. पण मी? वीस वर्षं खुर्चीवर बसून मी तिथीच विसरलो. माझ्या लक्षात फक्त पगाराची तारीख राहते.

आई काठावर येऊन उभी राहिली आणि हसायला लागली. मितेश गेल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून, अंग हलवत. "बघ, तू गेला नाय तिच्याकडं, ती आली तुला भेटायला." मी हसलो. नंदकिशोर हसला. मग ती निवटी धरायला टोपली आणायला गेली.

तुला एक सांगतो. मी हसलो ते खरंच हसलो की तोंड हललं, मला कळत नाही. सत्तावीस जानेवारीला मी ऑफिसात गेलो होतो. सही केली, पोहे खाल्ले, तीन फायली निकाली काढल्या. साहेबांना तारीख माहीत होती. म्हणाले, रोहिदास, आज कशाला आलास, घरी जा. मी म्हटलं, घरी काय करू. लोकांना वाटतं हा दगड आहे. तुलाही तेच वाटलं होतं ना? मितेशला आणलं तेव्हा तू मला गदागदा हलवत होतीस, बोला ना, रडा ना, आणि मी शववाहिनीच्या ड्रायव्हरला रस्ता समजावून सांगत होतो. मला तेव्हाही काही वाटत नव्हतं. अजून वाटत नाही. आत हात घालून बघतो, काही लागत नाही. ते वाईट आहे की नाही, तेही मला समजेनासं झालंय.

असो. पूल आता जमिनीत नाही, जमिनीवर होणार. खड्डा बुजवला. वर काँक्रीटची टाकी, भिंत चार फूट उंच, बाहेरून पायऱ्या, आतून पायऱ्या, वर लोखंडी फाटक. कडी माझ्या खांद्याच्या उंचीला. पोरगी चालता चालता पडेल असं काही नाही. पाणी एका टोकाला दोन फूट, दुसऱ्या टोकाला तीन. तीनच्या वर एक इंच नाही. नंदकिशोर कपाळावर हात मारून घेतो, "साहेब, निदान साडेचार तरी द्या. तीन फुटांत पूल होत नाही, म्हशींचा हौद होतो." मी म्हटलं, होऊ दे. माझ्या घरातल्या कुणाचेही पाय तळ सोडणार नाहीत, आपण होऊन सोडले तरच. त्याने कागदावर 'ग्राहकाच्या आग्रहावरून' असं लिहून माझी सही घेतली.

टाकी वीस बाय दहा आहे. दोन्ही हात पसरून भावना मधोमध उभी राहिली तर कुठूनही मी दोन ढांगांत पोचतो. मी मोजून बघितलंय, चुन्याने आखलेल्या चौकोनात. आईला मधे उभी केली होती.

रोहिदास


बेलापूर,
शुक्रवार, २१ मार्च १९९७

मीना,

परवा होळी. पोरं लाकडं ओढत फिरताहेत. आज पुलाचं काही नाही. आज ते लिहितो.

ट्रिपच्या चार दिवस आधी शाळेतून फॉर्म आला होता. तुला माहीत नाही, तू तेव्हा आईला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेली होतीस. मी ऑफिसला निघालो होतो, बुटाची लेस बांधत होतो. मितेशने फॉर्म पुढे केला, वहीवर ठेवून, पेनासकट. पालकाचं नाव, पत्ता, रक्तगट. आणि खाली, 'आपल्या पाल्यास पोहता येते काय?'

मी 'होय' लिहिलं.

त्याला विचारलं नाही. तो समोर उभा होता, एका हाताच्या अंतरावर. मला विचारायचं सुचलंच नाही. कुणी 'तुमचा मुलगा जेवतो काय' असं विचारलं तर आपण मुलाला विचारतो का? मितेश म्हणाला, "बाबा, नाही लिहिलं तर?" मी हसलो. म्हटलं, "नाही लिहायला तू काय घाटावरचा आहेस?" आणि त्याला गंमत वाटावी म्हणून, त्या 'होय'च्या पुढे कंसात लिहिलं : कोळ्याचा मुलगा आहे.

त्याने ते वाचलं. वाचताना ओठ हलवायची सवय होती ना त्याला. मला वाटलं, पोराला अभिमान वाटला. फॉर्मची घडी करून दप्तरात ठेवली.

ट्रिपला सरांनी मुलांचे दोन गट केले. 'नाही'वाले वर झाडाखाली, गाणी म्हणत. 'होय'वाले सरांबरोबर नदीत. अकरा मुलं होती. मितेश त्यांच्यात गेला. पाणी कमरेएवढंच होतं म्हणे, पण पुढे वाळू काढलेला खड्डा होता. सरांनी कपड्यांसकट उडी मारली. त्यांना तो सापडला, पण उशिरा.

मीना, मी फॉर्म विसरलो होतो. देवाशप्पथ विसरलो होतो. कंप्लेंट लिहिली तेव्हा, सरांना तुझ्यासमोर खुनी म्हटलं तेव्हा, माझ्या मनात फॉर्म नव्हता. सहा आठवड्यांनी पोलीस स्टेशनात बोलावलं. इन्स्पेक्टरांनी कागद टेबलावर सरकवला. शाळेने दिलेला. विचारलं, "अक्षर कुणाचं?" मी म्हटलं, माझं. त्यांनी पंखा मोठा केला, मला पाणी दिलं. म्हणाले, "आता सांगा, केस कुणावर करू?"

मी कंप्लेंट मागे घेतली. पाकीट नव्हतं, कुणाचा दबाव नव्हता. मुख्याध्यापकांकडून फॉर्म मागून घेतला आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला. घरी आलो, तू विचारलंस, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. पुढे महिनाभर तू रोज विचारलंस, मी रोज काही नाही म्हटलं. तू दोष सरांना देत होतीस तोपर्यंत माझ्याबरोबर जेवत तरी होतीस. एवढ्यासाठी मी गप्प बसलो. ते जेवणही गेलंच.

वर्षभर तो ड्रॉवर मी दिवसातून दहा वेळा उघडतो, टाचण्या त्यातच असतात.

फॉर्म सोबत जोडला आहे. फाडू नकोस असं म्हणणार होतो. तुझा मुलगा होता, तुला काय करायचं ते कर.

रोहिदास


बेलापूर,
सोमवार, १४ एप्रिल १९९७

मीना,

फॉर्म मिळाला का, एवढंच कळव. पोस्टावर माझा भरवसा नाही. दुसरं काही लिहू नकोस.

टाकी भरून बघितली, गळत नाही.

रोहिदास


बेलापूर,
गुरुवार, १ मे १९९७

मीना,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आईला वाचून दाखवू का, असा प्रश्न पडला. मग वाटलं, या घरात न सांगता फार झालं. दाखवलं. ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तू लिहिलेलं जसंच्या तसं वाचलं :

'मितेशला पोहता येत नाही हे मला माहीत होतं. त्याआधीच्या दिवाळीत करंजाला मामाच्या होडीत बसला तेव्हा माझा हात सोडत नव्हता. रडला. मग म्हणाला, आई, बाबांना सांगू नको, ते हसतील. मी नाही सांगितलं. ट्रिपच्या सकाळी डबा देताना मी त्याला म्हटलं, पाण्यात उतरायचं नाही हां. त्याने मान हलवली. मला वाटलं, झालं. फॉर्म असतो हेच मला ठाऊक नव्हतं. तुम्ही म्हणता, तुम्ही त्याला विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती, मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही कंप्लेंट मागे घेतली त्या दिवशी मला आतून सुटल्यासारखं वाटलं, कारण कोर्टात कुणीतरी मला विचारलं असतं. त्याची लाज वाटली म्हणून मी तुमच्यावर जास्त ओरडले. पाकिटाचं दादा बोलला, तेव्हा मला माहीत होतं ते खोटं आहे. मी गप्प बसले.'

आईचे हात सुपात तसेच राहिले. मग म्हणाली, "पोरानं दोघांची लाज राखली रं." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी तुझं पत्र दोन वेळा वाचलं आणि मग भांडी घासली. रागावलो नाही. तुझा राग यायला पाहिजे होता का? शोधला, नाही सापडला. माझाही नाही सापडला. तो आपल्या दोघांच्या मधे उभा होता आणि दोघांनाही सांभाळून घेत होता, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. दहा वर्षांचं पोर.

तुझं खालचंही वाचून दाखवलं : 'भावनाची उंची तीन फूट अकरा. मला पोहता येत नाही. रविवारी सकाळच्या एसटीने दोघी येतो, राहायला नाही, भावना पाण्यात उतरेपर्यंत. पुढचं पुढे बघू.'

ठीक आहे. पुढचं पुढे.

आता तयारी सांगतो. तीन फूट पाणी भावनाच्या खांद्यांपर्यंत येईल. चालेल. जुने सलवार-कमीज आण, तुलाही आण, साडीत पाय अडकतात. पाणी टँकरचं आहे, गाळून घेतलंय, फोड येणार नाहीत. उन्हाने कोमट होतं म्हणून साडेदहाला उतरू. मागच्या घरातले लोक मला शिव्या घालतात, आमच्या नळाला पाणी नाही आणि हा डुंबतोय, म्हणून. त्यांना सांगितलंय, रविवारनंतर त्यांच्या पोरांनाही पाठवा.

आई म्हणाली, "मीबी उतरंन." मी म्हटलं, गुडघे? तर म्हणे, "पान्यात गुडघ्याला वजन नाय लागत, नंदकिशोर सांगत हुता." त्या बडबड्याने तिलाही पटवलंय. मी तिला नको म्हणणार नाही. दादाच्या दोन्ही पोरांनी, एवढे मोठे घोडे, हळूच विचारलंय, काका, आम्ही येऊ का, पण कुणी बघायला नको. त्यांना पुढच्या रविवारी बोलावलंय. हा रविवार तुम्हा तिघींचा.

काल ऑफिसातून आल्यावर मी एकटा उतरलो. वीस वर्षांनी. पाय आपोआप सुटले, अंग आपोआप तरंगलं. मग म्हटलं, नीट बघू या, हात काय करतात, श्वास कधी घेतो, म्हणजे भावनाला सांगता येईल. आणि बघायला गेलो की बुडायला होतं. पाच-सहा वेळा केलं. बघितलं नाही तर तरंगतो, बघितलं की नाकात पाणी. शेवटी कडेला धरून उभा राहिलो. मीना, मला भीती वाटतेय. सव्वा वर्षात पहिल्यांदा काहीतरी वाटतंय आणि ते हे आहे.

तुला हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे रविवारी तिथे उभी राहून तू मला विचारायला नको. भावना पाण्यात माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, बाबा, आता काय करू? मला पोहता येतं. पण मी आजपर्यंत कुणालाही शिकवलेलं नाही.

रोहिदास